माळरानातील निशाचर पाल आणि ‘पडीक’ जमीन

रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यासाठी शेतावर जाणाऱ्या शेतकऱ्याच्या एका हातात बॅटरी असते व दुसऱ्या हातात काठी. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा मृगाच्या तोंडावर माळाकडेच्या बांधावरून चालताना बॅटरीच्या उजेडात क्वचित एक प्राणी दिसतो. लांबी वीतभर, अंग पिवळसर, त्यावर गडद ठिपके, आणि शेपटी बुंध्याशी चांगली जाड. तो लगबगीने पळत नाही. चारही पायांवर अंग उंच उचलतो, पाठ कमानीसारखी करतो आणि शेपटी सावकाश हलवू लागतो. पाहणाऱ्याची खात्री पटते की, हा प्राणी विषारी असून तो आता अंगावर येणार. पुढचे काम काठी करते. दुसऱ्या दिवशी पारावर ती हकीकत सांगितली जाते व ऐकणारा प्रत्येकजण तीत आपल्या पदरची थोडी भर घालतो.

वस्तुतः मारला गेलेला तो प्राणी एक पाल असते. अंगावरील ठिपक्यांमुळे तिला बिबट्या पाल असे म्हणतात. शास्त्रज्ञ या गणास युब्लेफॅरिस असे नाव देतात. तुर्कस्तान, इराक व इराणपासून अफगाणिस्तान, पाकिस्तान व तेथून पूर्व भारतापर्यंतच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशात या गणातील निरनिराळ्या जाती राहतात. वायव्येकडील जातीचे वर्णन ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ साली केले. गुजरात, महाराष्ट्र व त्यास लागून असलेला कर्नाटकाचा कोरडा भाग येथे आढळणारी जात युब्लेफॅरिस फस्कस या नावाने ओळखली जाते. सातपुड्याच्या डोंगरांतून २०१४ साली याच गणातील एका नव्या जातीची नोंद झाली. एवढा ठळक प्राणी २०१४ पर्यंत शास्त्राच्या नजरेतून सुटावा, यावरून तो किती क्वचित दृष्टीस पडतो याची कल्पना येईल. गुराख्यांना तो त्याआधीही ठाऊक असणार. पण गुराख्याला कोणी विचारीत नाही, ही गोष्ट वेगळी.

तिच्या विषाचा प्रश्न आधी निकालात काढला पाहिजे, कारण तो सुटल्याशिवाय पुढचे कोणी ऐकून घेणार नाही. भारतात आढळणाऱ्या कोणत्याही पालीच्या वा सरड्याच्या दंशाने विष चढून माणूस मरत नाही. विषारी म्हणून जे सरडे प्रसिद्ध आहेत, ते उत्तर अमेरिकेतील गिला मॉन्स्टर व त्याचे भाऊबंद होत. आपल्याकडील शिवारात त्यांचे नाव नाही. बिबट्या पाल पकडल्यास चावते, परंतु त्या चाव्याने फार तर कातडीवर ओरखडा उठतो. अंग फुगविणे, फुत्कार टाकणे, शेपटी हलविणे हा सारा दुबळ्या जीवाचा देखावा आहे. शेपटी हलविण्यातही हेतू असतो. शत्रूचे लक्ष डोक्याकडून शेपटीकडे वळावे, त्याने शेपटी धरावी आणि ती तुटून पाठीमागे राहावी, म्हणजे जीव वाचतो.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ज्या दगडाखाली ही पाल दडते, त्याच दगडाखाली फुरसे असू शकते व विंचूही असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या दंशाने आपल्या देशातील शेतकऱ्याचा जीव जातो. भीती बाळगावयाची ती यांची. पालीच्या पिल्लांच्या अंगावर आडवे पट्टे असतात, त्यामुळे अंधारात घाईने पाहणारा माणूस त्यांना साप समजतो. पाय दिसले की शंका फिटावी, कारण चार पायांचा साप नसतो. पाय दिसत नसतील तर हात पुढे न करता दोन पावले मागे सरावे, हे उत्तम. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता तडक रुग्णालय गाठावे. पाल निरुपद्रवी आहे हे सांगताना कोणी उघड्या हाताने दगड उचलावयास शिकू नये, एवढ्यासाठी हा विस्तार केला आहे.

आता या प्राण्याच्या राहणीकडे पाहावे. घरच्या भिंतीवरची पाल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या बोटांखाली चिकट गाद्या असतात, म्हणून ती छतावर उलटी चालते. आणि तिला पापण्या नसल्याने ती जिभेने डोळे पुसते. बिबट्या पालीचे दोन्ही बाबतींत उलटे आहे. तिच्या बोटांना गाद्या नसून नखे आहेत. ती भिंत चढत नाही, जमिनीवर चालते. तिला हलणाऱ्या पापण्या असल्यामुळे ती माणसाप्रमाणे डोळे मिटू शकते. धुळीच्या प्रदेशात राहणाऱ्या जीवाला ही सोय किती उपयोगी पडत असेल, हे वैशाखातील वावटळीत सापडलेल्यास सांगावयास नको.

कोरड्या मुलखात पाणी व अन्न या दोहोंची टंचाई असते. तेव्हा जो जीव दिवसाच्या उन्हात बाहेर पडणार नाही आणि सुगीच्या दिवसांत साठा करून ठेवील, तो टिकतो. ही पाल दिवसभर दगडांच्या सांदीत, उंदरांच्या जुन्या बिळांत किंवा बांधाच्या पोकळीत पडून राहते व अंधार पडल्यावर बाहेर येते. तिच्या विष्ठेत पांढरा कोरडा भाग दिसतो. शरीरातील टाकाऊ द्रव्य पाण्याबरोबर न टाकता ती त्या रूपात टाकते व पाणी वाचविते. किडे भरपूर मिळतात त्या दिवसांत खाल्लेल्या अन्नाची चरबी ती शेपटीत साठविते. शेतकऱ्याच्या घरी कणगीचे जे स्थान, तेच तिच्या शरीरात शेपटीचे. म्हणून शेपटी तुटणे ही तिच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नाही. नवी शेपटी फुटते खरी, पण ती आखूड व बोथट असते, आणि जुन्या शेपटीबरोबर साठाही गेलेला असतो. टंचाईच्या तोंडावर कणगी रिकामी झालेल्या कुटुंबाची जी अवस्था होते, ती तिची होते. गंमत म्हणून शेपटी तोडणाऱ्या पोरांना हे समजावून सांगण्यासारखे आहे.

रात्री फिरणाऱ्या पालींच्या डोळ्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मंद चांदण्यात माणसाला वस्तू दिसते, पण तिचा रंग कळत नाही. सर्व काही करडे भासते. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओसाड प्रदेशातील एका निशाचर पालीवर झालेले प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाले. माणूस ज्या उजेडात रंगांध ठरतो, त्या उजेडात ती पाल रंग ओळखते, असे त्यांत आढळून आले.

तिची वीण मात्र फार नाही. मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसून कातड्यासारखे मऊ असते, व ती ओलसर मातीत दडविलेली असतात. वायव्येकडील जातीवर बंदिस्त अवस्थेत झालेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, पिल्लू नर होणार की मादी हे अंडी उबताना लाभणाऱ्या उष्णतेवर ठरते. सुमारे २६ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या निपजतात. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नरांचे प्रमाण वाढते. आणि त्याहून दोन-तीन अंश अधिक झाले की पुन्हा माद्याच अधिक होतात. इतक्या थोड्या अंशांवर ज्याच्या वंशाचा तोल अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने डोक्यावरचा दगड म्हणजे घराचे छप्पर होय. दगड उचलून नेला की खालची माती उघडी पडते, तापते व वाळते. माणूस एक दगड नेतो, आणि आपण काय नेले याची त्याला कल्पना नसते.

आणि दगड तर सर्वत्र उचलले जात आहेत. यंत्र आल्यापासून माळ साफ करणे सोपे झाले आहे. पूर्वी ज्या बरड तुकड्यास हात लावण्यास दोन पिढ्या लागत, तो आता दोन दिवसांत सपाट होतो. खडी, मुरूम, घराचा पाया, रस्ता, फळबाग, सौर विजेचे प्रकल्प, प्रत्येकाला माळाचीच जमीन दिसते. यात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या वाट्याला वारसाने दोन एकर बरड आली, त्याने ती कसावी म्हटले तर त्याच्या हातातील पहार कोणी काढून घेऊ नये. प्रश्न आहे तो गावच्या सामाईक माळाचा, गायरानाचा व डोंगरउतारांचा. तेथील निर्णय ग्रामसभा घेते, योजना कार्यालयात आखली जाते, आणि ती अमलात आणण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे येते.

अडचणीचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’. केंद्र शासनाच्या भूसंसाधन विभागाने २०१९ साली देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात २०१५-१६ मधील पडीक जमीन सुमारे साडेपाच कोटी हेक्टर, म्हणजे देशाच्या भूभागाच्या जवळजवळ १७ टक्के दाखविलेली आहे. झुडपी माळ व खडकाळ जमीन यांची गणनाही तीत केलेली आहे. ज्या जमिनीवर मेंढपाळाचा कळप वर्षातले कित्येक महिने पोसतो, जेथे पवन्या, मारवेल व कुसळी उगवते, जेथे ससा, खोकड, चंडोल व ही पाल राहते, ती जमीन कागदावर पडीक ठरली की, तिच्यावर काहीही करणे म्हणजे सुधारणा, असे आपोआप मानले जाते. पिकाखाली नसलेली जमीन व निकामी जमीन या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद गावातील म्हाताऱ्या मेंढपाळाला कळतो. नकाशाला कळत नाही.

वृक्षारोपणाच्या बाबतीत हा घोटाळा विशेष होतो. झाड लावणे पुण्याचे, हे कोण नाकारील? परंतु ज्या माळावर पाऊस व मातीची खोली पाहता दाट झाडी कधी नव्हती, तेथे खड्डे घेऊन, मूळचे गवत उपटून, दगड बाजूला लोटून गिरिपुष्प वा सुबाभूळ दाटीने लावण्याचा अट्टहास कशासाठी, हा प्रश्न विचारावयास हवा. रोपे जगली नाहीत तर पैसा वाया गेला; जगली तर चराई गेली. दोन्ही परी माळ गेला. रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शाळेभोवती, शेताच्या बांधावर झाडांना जागा भरपूर आहे, आणि तेथे लावलेल्या झाडाकडे लक्ष ठेवणारा माणूसही जवळ असतो.

मृद्संधारणाच्या कामाची गोष्ट निराळी आहे. ते काम अवश्य झाले पाहिजे, आणि पालीसाठी ते थांबवावे असे म्हणणारा माणूस दुष्काळ न पाहिलेला असावा. येथे सुदैवाने शेतकऱ्याचे हित व पालीचे हित यांत फारसे भांडण नाही. अनघड दगडांचा बांध व जुनी रचीव ताल पाण्याचा वेग मोडते, माती अडविते, आणि तिच्या दगडांमधील पोकळ्या पाल, सरडे, बेडूक व मुंगूस यांना आसरा देतात. तेच काम सिमेंटने लिंपून घेतले तर पोकळी उरत नाही. ओढ्याच्या मुख्य पात्रात पक्के बांधकाम लागते, हे मान्य. परंतु वरच्या घळींत, जेथे अनघड दगड पुरेसा आहे, तेथे सिमेंटची पोती वाहून नेण्याचे प्रयोजन दिसत नाही. सलग समतल चर खणतानाही मोठ्या दगडांच्या राशी व खडकांचे उघडे सुळके वगळून चराची रेषा तोडता येते. आखणीच्या दिवशी उतारावर तासभर अधिक फिरावे लागेल, इतकाच त्याचा खर्च. त्यासाठी दगड मात्र त्याच उताराचा पण मोकळा पडलेला घ्यावा. मातीत अर्धा रुतलेला, वर्षानुवर्षे न हललेला दगड उपटून बांधात घालणे म्हणजे एक घर मोडून दुसरे बांधणे होय.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. उन्हाळ्यात माळ पेटविला की पावसाळ्यात गवत चांगले येते, असा समज पुष्कळ गावांत आहे. कोवळा कोंब लवकर हिरवा दिसतो हे खरे. परंतु जमिनीवरचे आच्छादन जळून गेल्याने पहिल्या वळवाबरोबर माती वाहून जाते, आणि गवतातील किडे, पक्ष्यांची घरटी व संथ चालीचे प्राणी आगीत सापडतात.

पाल वाचवून शेतकऱ्याचे पोट भरते काय, असा प्रश्न सभेत हमखास विचारला जातो. त्याला खोटे उत्तर देऊ नये. बिबट्या पाल भुंगेरे, रातकिडे, नाकतोडे, कोळी व कधी विंचूही खाते; परंतु तिच्यामुळे फवारणी वाचेल किंवा एकरी उतारा वाढेल, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बांधावर उंदीर खाणारी धामण जेवढी उपयोगी, तेवढी ही पाल नाही. तिचे मोल दुसरे आहे. ती जेथे टिकून आहे, तेथील दगड, माती, गवत व किडे यांची जुनी घडी अद्याप मोडलेली नाही, असे बरेचसे निश्चितपणे म्हणता येते. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या परिसरात १९७९ साली अभयारण्य झाले, तेव्हा माळाला प्रथमच सरकार दरबारी मान मिळाला. पालीच्या नावाने अभयारण्य कोणी काढणार नाही. तिला जागा मिळाली तर ती गावच्या माळातच.

जमीन जाण्याखेरीज दुसराही एक धोका आहे, आणि तो हल्लीच्या काळातील आहे. बिबट्या पालीच्या वायव्येकडील जातीला अमेरिका व युरोपात हौसेने पाळतात. तेथे अनेक दशकांपासून तिची पैदास बंदिस्त जागेत होते व रंगारंगांचे वाण काढले जातात. हौस वाढली की दुर्मिळ वाणाला किंमत येते व रानातला जीव बाजारात जातो. याच कुळातील एका पालीचे चीनमधून १९९९ साली प्रथम वर्णन झाले. वर्णन प्रसिद्ध होताच संग्राहकांची धाड पडली व जेथून ती प्रथम सापडली तेथून ती नाहीशी झाली. म्हणून २०१५ साली त्याच गणातील दोन नव्या जातींची माहिती छापताना शास्त्रज्ञांनी त्यांचे ठिकाण मुद्दाम गुप्त ठेवले. चीन व व्हिएतनाममधील या पालींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून नियंत्रण आले.

अफवेचा बाजार तर याहून घातक आहे. टोके नावाच्या मोठ्या पालीपासून एड्सवर औषध होते, अशी आवई आग्नेय आशियात उठली व पाली पकडणाऱ्यांची झुंबड उडाली. फिलिपाइन्सच्या आरोग्य खात्याला २०११ साली जाहीरपणे सांगावे लागले की, या समजाला कोणताही आधार नाही. आपल्या गावात कोणी अनोळखी मनुष्य मोटारीतून येऊन ठिपक्यांच्या पालीसाठी हजारो रुपये देऊ करीत असेल, तर तो दोहोंपैकी एका बाजाराचा दलाल समजावा आणि वन विभागाला ताबडतोब कळवावे. अशा व्यवहारात पैसा मिळाल्याची गोष्ट ऐकू येते ती नेहमी दुसऱ्या गावातील कोणाची तरी असते.

यावरून गावाने काय करावे, हे ठरविणे अवघड नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा भरली गेली व कपाटात गेली. कित्येक वह्यांत आंबा, चिंच, गाय, म्हैस यांची नावे क्रमाने लिहिलेली आढळतात. माळावरच्या जीवांचा रकाना कोरा असतो किंवा शेजारच्या गावच्या वहीवरून उतरविलेला असतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने तो रकाना गुराखी, मेंढपाळ व रात्री पाणी देणारे शेतकरी यांना विचारून भरावा. त्यांना शास्त्रीय नाव ठाऊक असण्याची गरज नाही. पाल कोणत्या महिन्यात दिसली, रात्री किती वाजता, पावसाच्या आधी की नंतर, दगडी बांधावर, मोकळ्या माळावर की डांबरी रस्त्यावर, जिवंत की वाहनाखाली सापडलेली, अंगावर पट्टे होते की ठिपके, एवढे लिहिले तरी पुरे. पट्टे असतील तर ते पिल्लू होय, आणि पिल्लू दिसले याचा अर्थ त्या भागात वीण चालू आहे. दूरध्वनीवर छायाचित्र घेता आले तर उत्तम. त्यासाठी प्राण्याला पकडू नये व दगड उलटलाच असेल तर तो जसा होता तसा, त्याच बाजूने परत ठेवावा.

मात्र नेमके ठिकाण सर्वांना वाचता येईल अशा प्रतीत घालू नये. तेथे शिवाराचे नाव पुरेसे आहे. गट क्रमांक व नकाशावरील खूण असलेला कागद समितीच्या सचिवाने वेगळ्या लिफाफ्यात घालून दप्तरी ठेवावा. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह तरुण कार्यकर्त्यांना होतो. ते टाकताना ठिकाणाची माहिती त्यासोबत आपोआप जात नाही ना, हे आधी तपासावे. पुढे त्या शिवारात चर, बंधारा, रस्ता किंवा वृक्षलागवड यांचा आराखडा येईल, तेव्हा आखणीला निघण्यापूर्वी हा लिफाफा काढून पाहावा.